कुंडीतल्या कॉफीची फांदी एकदाच फुटते: घरी कॉफीचे झाड वाढवणाऱ्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे: वीतभर उंचीचे कॉफीचे रोप आणले आहे. खिडकीत ठेवले की पानांची टोके तपकिरी होतात, आत सरकवले की रोप नुसतेच लांब होत जाते. त्याची निगा कशी राखावी, बियांपासून आणखी रोपे करता येतील का, आणि या झाडाची कॉफी कधी प्यायला मिळेल का?

कॉफी मिळेल, रोपेही करता येतील. पण त्याआधी हे झाड फांद्या कशा धरते ते समजून घ्या, कारण बाकीची बहुतेक निगा त्यावरून ठरते.

कॉफीचे खोड सरळ वर जाते. प्रत्येक पेरावर समोरासमोर दोन पाने येतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत डोळ्यांची एक उभी ओळ असते. सर्वांत वरचा डोळा आडवी फांदी देतो, खालचे डोळे उभे फुटवे देतात. आडवी फांदी देणारा डोळा बगलेत एकच असतो. ती फांदी वाळली, मोडली किंवा कापली गेली, तर त्या जागी दुसरी आडवी फांदी कधीच येत नाही. येतो तो उभा फुटवा. फुले आणि फळे मात्र आडव्या फांद्यांवरच धरतात. पानांच्या आठ-दहा जोड्या झाल्या की रोप आडव्या फांद्या टाकू लागते. नेमक्या त्या काळात उजेड कमी पडला किंवा मुळे कुजली, तर खालच्या फांद्या गळतात आणि झाड कायमचे उघड्या पायांचे राहते. नंतर कितीही खत घातले तरी ती उणीव भरून निघत नाही. म्हणून पहिल्या दोन वर्षांत उंचीकडे पाहू नका, खालच्या फांद्या टिकतात का ते पाहा.

आता उजेड. घरात ठेवायची कॉफी बहुधा अरेबिका जातीची असते. तिचे मूळ इथिओपियाच्या डोंगराळ जंगलात, मोठ्या झाडांखाली. त्यावरून ‘कॉफीला सावली लागते’ असे ऐकून लोक रोप खोलीच्या कोपऱ्यात ठेवतात आणि तिथेच चुकते. विषुववृत्ताजवळच्या जंगलातली विरळ सावलीसुद्धा घरातल्या कोपऱ्यापेक्षा कितीतरी उजळ असते. खिडकीपासून एक मीटरच्या आत, सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन आणि उरलेला दिवस भरपूर उजेड ही तिची जागा. दुपारचे ऊन थेट पडत असेल तर मध्ये पातळ पडदा लावा. गच्चीत किंवा बाल्कनीत असेल तर ५० टक्के सावलीची जाळी पुरते.

जागा योग्य आहे की नाही हे पाहण्याची सोपी पद्धत: भर दुपारी रोपाच्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर एक फूट उंचीवर हात धरा. सावलीची कड धूसर पण बोटे ओळखू येतील अशी असेल तर उजेड बरोबर. सावली पडतच नसेल तर कमी, आणि गडद व रेखीव पडली तर जास्त. याहून खात्रीची खूण रोप स्वतः देते. नव्या पेरांमधले अंतर जुन्या पेरांपेक्षा वाढत चालले असेल तर रोप उजेडाकडे ताणत आहे. तुमचे रोप आत सरकवल्यावर लांब होत गेले ते याचमुळे. जागाच अंधारी असेल तर पूर्ण वर्णपटाचा पांढरा एलईडी ग्रो लाइट शेंड्यापासून ३० ते ४० सेंटिमीटरवर टांगून रोज बारा तास चालू ठेवा.

जागा बदलताना घाई नको. आतल्या पानांना उन्हाची सवय नसते. पहिल्या आठवड्यात रोज अर्धा-पाऊण तास, मग हळूहळू वाढवत दोन आठवड्यांत नव्या जागी आणा. घाईने उन्हात नेलेल्या रोपाच्या वरच्या पानांवर आधी फिकट पांढुरके आणि मग कागदासारखे तपकिरी डाग पडतात. ते डाग भरून येत नाहीत, पण म्हणून पान तोडू नका. त्याचा उरलेला हिरवा भाग काम करत असतो.

तापमान १८ ते २४ अंश सेल्सिअस असेल तर अरेबिका खुशीत वाढते. पारा फार दिवस ३० अंशांवर राहिला तर वाढ मंदावते, १० अंशांखाली ती थांबते आणि हिमतुषार पडला तर झाड मरते. थंडी-उन्हाळ्यापेक्षाही घातक म्हणजे एसी किंवा हीटरच्या झोतात ठेवणे. त्या कोरड्या वाऱ्याने एका बाजूची पाने कडेने करपतात आणि दोष पाण्याला दिला जातो.

कुंडीकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट तपासा. विकत मिळणाऱ्या छोट्या कुंडीत बहुतेकदा एक रोप नसतेच, सहा-सात किंवा त्याहून अधिक रोपांचा झुबका असतो. दिसायला भरगच्च वाटावे म्हणून तसे लावतात. असा झुबका तसाच वाढू दिला तर रोपे एकमेकांची सावली करतात आणि प्रत्येकाच्या आतल्या बाजूच्या फांद्या धरतच नाहीत. रोपे १०-१५ सेंटिमीटरची असतानाच वेगळी करा. कुंडी अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा, मातीचा गड्डा बाहेर काढा आणि मुळे पाण्यातच बोटांनी सोडवा. जाड खोडाची, सरळ सोटमुळाची दोन-तीन रोपे निवडून वेगळ्या कुंड्यांत लावा आणि दहा दिवस पारदर्शक पिशवीखाली, उन्हापासून दूर ठेवा. रोपे मोठी होऊन मुळे घट्ट गुंतली असतील तर ओढाताण करू नका. सर्वांत सशक्त रोप ठेवा आणि बाकीची मातीलगत कात्रीने कापून टाका. जिवावर येते, पण ठेवलेले रोप त्यामुळेच सुधारते.

कॉफीचे सोटमूळ खोल जाऊ पाहते, म्हणून पसरट कुंडीपेक्षा उंच कुंडी घ्या. एका वेळी जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद कुंडीत हलवावे. छोट्या रोपाला एकदम मोठी कुंडी दिली तर मुळांना न पोहोचणारी माती ओली राहते आणि मुळे कुजतात. दोन वर्षांच्या रोपाला २० सेंटिमीटर आणि फळे देणाऱ्या झाडाला ३० ते ४० सेंटिमीटर व्यासाची कुंडी पुरते. छिद्रे मोकळी हवीत. तळाशी खापऱ्यांचा जाड थर घालण्याची पद्धत आहे, पण त्याने निचरा सुधारत नाही, फक्त मुळांची जागा कमी होते. छिद्रावर जाळीचा तुकडा पुरे.

माती हलकी, सेंद्रिय आणि किंचित आम्ल हवी, सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) ५.५ ते ६.५. अनंत हा कॉफीच्याच कुळातला, आणि अनंताला जी माती मानवते तीच कॉफीला मानवते. चांगले कुजलेले कंपोस्ट किंवा पानांचे खत तीन भाग, धुतलेले कोकोपीट तीन भाग, पर्लाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) दोन भाग, जाड वाळू एक भाग आणि झाडाच्या सालीचे तुकडे एक भाग हे मिश्रण घरात चांगले चालते. कोकोपीट दोन-तीन वेळा साध्या पाण्यात भिजवून पिळून घ्यावे, कारण त्यात क्षार उरलेले असतात आणि कॉफीची मुळे क्षार सहन करत नाहीत. चिकण किंवा चुनखडी असलेली माती या झाडाला नकोच. पहिली निचरा अडवते, दुसरी लोह अडवते.

पाणी देण्यात सर्वाधिक रोपे जातात, आणि कमी पाण्यापेक्षा जास्त पाण्याने. वरची दोन-तीन सेंटिमीटर माती बोटाला कोरडी लागली की तळातून निथळेपर्यंत पाणी घाला आणि अर्ध्या तासाने ताटलीतले पाणी ओतून द्या. रोज कपभर पाणी घालण्याची पद्धत वाईट. वरची माती कायम चिखल आणि खालची मुळे कोरडी अशी अवस्था त्याने होते. वारांप्रमाणेही पाणी देऊ नका, कारण ढगाळ आठवड्यात आणि कडक उन्हात झाडाची तहान सारखी नसते. कुंडी उचलून तिचे वजन ओळखायला शिकलात तर बोट लावण्याचीही गरज उरत नाही.

तहान लागली की कॉफी लगेच सांगते: सगळी पाने एकदम मलूल होऊन खाली लोंबतात आणि पाणी मिळाल्यावर काही तासांत पुन्हा ताठ होतात. मात्र माती ओली असताना पाने लोंबली असतील तर ती तहान नव्हे. मुळे कुजून पाणी ओढण्याची ताकद गेली आहे. लोक इथे आणखी पाणी घालतात आणि झाड जाते. अशा वेळी गड्डा बाहेर काढा. निरोगी मुळे पांढरट आणि टणक असतात. काळी, मऊ, वास येणारी मुळे स्वच्छ कात्रीने कापून टाका, नव्या कोरडसर मिश्रणात, शक्य तर आधीपेक्षा लहान कुंडीत लावा आणि नवी पालवी दिसेपर्यंत खत बंद ठेवा.

तपकिरी टोकांचा तुमचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. डाग पानाच्या मध्यावर नाहीत, फक्त टोकाला आणि कडेला आहेत, म्हणजे हे उन्हाने भाजणे नाही. खिडकीत पान झपाट्याने पाणी सोडते, मूळ तेवढ्या वेगाने ते पुरवू शकत नाही आणि पाण्याबरोबर आलेले क्षार टोकाशी साठतात. मातीवर किंवा कुंडीच्या कडेवर पांढरा थर दिसत असेल तर खात्रीच समजा. उपाय: कुंडीच्या आकारमानाच्या तिप्पट साधे पाणी हळूहळू ओतून माती धुऊन काढा आणि दर दोन-तीन महिन्यांनी हे पुन्हा करा. पाणी जड असेल तर पावसाचे साठवलेले किंवा आरओचे पाणी वापरा. हवेत ५० ते ६० टक्के आर्द्रता असावी. त्यासाठी पानांवर फवारा मारून फारसे साधत नाही, कारण तो ओलावा थोड्याच वेळात उडून जातो. चार-पाच कुंड्या जवळजवळ ठेवणे किंवा खडे आणि पाणी घातलेल्या ताटात कुंडी ठेवणे अधिक उपयोगी, फक्त कुंडीचा तळ पाण्याच्या वर हवा. करपलेली टोके परत हिरवी होत नाहीत, उपाय लागू पडला की नाही हे नव्या पानांवरून ठरवा.

पाने पिवळी पडण्याची कारणे वेगवेगळी आहेत आणि ती ओळखण्याची किल्ली एकच: आधी जुनी पाने पिवळी पडतात की नवी? नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडते आहे. मातीत लोह बहुधा असते, पण सामू वाढल्याने मुळांना ते घेता येत नाही. म्हणून आधी पाणी बदला, मग चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातले लोह) वेष्टनावरच्या प्रमाणाच्या निम्म्याने द्या. खालची जुनी पाने शिरांच्या मधून पिवळी होत असतील तर मॅग्नेशियमची उणीव. एप्सम मीठ म्हणून मिळणारे मॅग्नेशियम सल्फेट लिटरला एक-दोन ग्रॅम घेऊन महिन्यातून एकदा, दोन-तीन वेळा द्या. जुनी पाने शिरांसकट फिकट पिवळी होऊन गळत असतील तर नत्र कमी आहे. आणि जुनी-नवी सगळीच निस्तेज असतील तर खताकडे नव्हे, मुळांकडे पाहा.

दोन गोष्टींना घाबरू नका. काही वाणांची कोवळी पालवी तांबूस असते, तो आजार नाही. तसेच पान उलटे केले की मधल्या शिरेला उपशिरा मिळतात तिथे लहान खळगे किंवा फुगवटे दिसतात. कॉफीच्या पानाची ती स्वाभाविक रचना आहे, कीड समजून त्यावर औषध फवारू नका.

खत वाढीच्या काळातच द्यावे. १९:१९:१९ सारखे (नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्याच प्रमाणात असलेले) विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी, ओल्या मातीत. सूक्ष्म अन्नद्रव्ये महिन्यातून एकदा. सेंद्रियच हवे असेल तर ३० सेंटिमीटरच्या कुंडीला दोन मुठी गांडूळखत दर दोन महिन्यांनी पुरते. थंडीत वाढ थांबली की खतही थांबवा. फळे धरलेल्या झाडाची भूक वेगळी. त्याला नत्राबरोबर पालाश (पोटॅशियम) भरपूर लागते, म्हणून तेव्हा एक आड एक वेळेला पोटॅशियम नायट्रेट लिटरला एक ग्रॅम द्या.

कॉफीचा चोथा कॉफीच्या झाडाला घालावा हा सल्ला फार पसरला आहे. तो मानू नका. कॉफी गाळताना बरीचशी आम्लता पाण्यात उतरते, त्यामुळे चोथ्याने माती आम्ल होईल ही अपेक्षा फोल आहे. कुंडीत तो साचून पापुद्रा धरतो, पाणी अडवतो, बुरशी आणि चिलटे बोलावतो. शिवाय त्यातल्या उरल्यासुरल्या कॅफीनने कोवळ्या रोपांची वाढ खुंटते. चोथा कंपोस्टच्या ढिगात जाऊ द्या. तिथे तो उत्तम कुजतो आणि मग खुशाल वापरा.

किडींमध्ये घरातले मुख्य शत्रू पिठ्या ढेकूण आणि खवले कीड. पिठ्या ढेकूण पेरांत आणि फळांच्या घोसांत कापसासारखा बसतो, खवले कीड पानामागे शिरेलगत आणि कोवळ्या खोडावर हिरवट-तपकिरी टिकल्यांसारखी दिसते. दोन्ही गोड चिकट स्राव सोडतात, त्यावर काळी बुरशी वाढते आणि मुंग्या येतात. पानावर काळी काजळी दिसली तर वरचे पान पुसून भागत नाही, त्याच्या वरच्या फांदीवरची कीड शोधा. थोडी असेल तर कापसाचा बोळा ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून एकेक पुसा. जास्त असेल तर लिटरभर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर कडुलिंबाचे तेल आणि दोन मिलिलिटर द्रव साबण घुसळून संध्याकाळी फवारा, पानांच्या पाठीमागून आधी. दर सात दिवसांनी तीन ते चार वेळा फवारा, कारण अंडी पहिल्या फवारणीत वाचतात. आधी एका फांदीवर करून दोन दिवस पाहा. मुंग्यांचा बंदोबस्त केला नाही तर कीड परत येते, कारण मुंग्या तिला राखतात. कारण न कळता झाड खंगत असेल तर गड्डा काढून बघा. मुळांवरही पिठ्या ढेकूण बसतो आणि वरून काही कळत नाही. हवा कोरडी असली की लाल कोळी येतो, पाने बारीक ठिपक्यांनी तांबूस होतात. झाड न्हाणीघरात नेऊन पानांची पाठ जोरदार पाण्याने धुणे हा त्यावरचा पहिला उपाय. मळ्यांत कर्दनकाळ ठरलेला तांबेरा, म्हणजे पानामागची नारिंगी भुकटी, घरातल्या एकट्या झाडावर क्वचितच येतो. दिसलाच तर ती पाने पिशवीत बंद करून टाका आणि पानांवर पाणी पडू देऊ नका.

आता बियांचे. भाजलेले बी मेलेले असते. पेयासाठी विकले जाणारे हिरवे दाणेही बहुधा उगवत नाहीत, कारण कॉफीच्या बियांची उगवणशक्ती फार टिकत नाही. चार ते सहा महिन्यांत ती झपाट्याने उतरते. ताजे पिकलेले फळ मिळाले तर सोने. गर काढा, बी एक दिवस पाण्यात ठेवून बुळबुळीतपणा धुऊन टाका, तरंगणारे दाणे फेकून द्या. लगेच पेरायचे नसेल तर टरफलासकट सावलीत सुकवा आणि दोन महिन्यांत वापरा.

पेरताना टरफल नखाने सोलून काढले तर उगवण लवकर होते, मात्र आतल्या दाण्याला इजा नको. २४ तास कोमट पाण्यात भिजवा. धुतलेली वाळू आणि कोकोपीट समसमान घेऊन सपाट बाजू खाली येईल असे एक ते दीड सेंटिमीटर खोल पेरा. २५ ते ३० अंश उष्णता आणि सतत ओलावा हवा, पाणी साचणे नको. चार ते आठ आठवडे लागतात. मध्येच उकरून पाहण्याचा मोह टाळा, मूळ तेव्हाच मोडते.

अंकुर आकड्यासारखा वाकलेला वर येतो, सरळ होतो आणि दाणा डोक्यावर घेऊन आगपेटीच्या काडीसारखा उभा राहतो. ही टोपी ओढून काढू नका. आतली दलपत्रे, म्हणजे बियातली पहिली दोन पाने, तिच्यातल्या अन्नावर वाढत असतात. टरफल अडकलेच तर पाण्याने मऊ करत राहा. टोपी पडली की गोलसर, नागमोडी कडेची दोन दलपत्रे उघडतात. रोप काडीच्या अवस्थेत असताना किंवा दलपत्रे नुकती उघडल्यावर हलवणे उत्तम. १५ सेंटिमीटर खोल पिशवीत काठीने भोक करून सोटमूळ सरळ सोडा. मूळ जास्त लांब असेल तर टोक खुडा, पण वळवून कोंबू नका. वाकडे गेलेले सोटमूळ सरळ होत नाही आणि असे झाड तिसऱ्या-चौथ्या वर्षी, अगदी फळांच्या वेळी, खंगते. दुभंगलेल्या किंवा वळलेल्या मुळाची रोपे तिथेच बाद करा. पहिल्या वर्षाअखेर रोप २० ते ३० सेंटिमीटरचे होते. कमी वाटते, पण तेच बरोबर आहे.

छाट कलमेही लागतात, फक्त उभ्या फुटव्याची घ्यावी लागतात. आडव्या फांदीचे कलम मुळे धरते, जगते, पण जन्मभर आडवेच पसरते, कधी खोड करत नाही.

शेंडा कधी खुडायचा? घरात ९० ते १२० सेंटिमीटर उंचीवर, आणि तोही आडव्या फांद्यांच्या किमान आठ-दहा जोड्या झाल्यावर. फार लवकर खुडला तर पुढच्या फांद्याच आपण नाकारतो, कारण नवी पेरे शेंड्यातूनच येतात. खुडल्यावर खोडावर उभे फुटवे येऊ लागतात. ते बोटभर असतानाच मोडून काढा, नाहीतर मुख्य झाडाचा रस तेच खातात. आडव्या फांद्यांना मात्र कात्री लावू नका. वाळलेले टोक, आत वळलेली बारीक पोटफांदी, एवढेच काढा.

सगळे नीट गेले तर बी पेरल्यापासून तीन-चार वर्षांनी फुले येतात. आडव्या फांद्यांच्या पेरांत हिरव्या मेणबत्त्यांसारख्या चार-पाच मिलिमीटरच्या कळ्या येतात आणि तिथेच थांबतात. पुष्कळ दिवस काहीच घडत नाही. ही थांबलेली कळी कोरड्या काळानंतर येणाऱ्या भरपूर पाण्याची वाट पाहत असते. निसर्गात ते काम पहिला पाऊस करतो, कुंडीत ते आपण करायचे. कळ्या थांबल्यावर चार ते सहा आठवडे पाणी कमी करा, पाने सकाळीही ताठ होत नाहीत अशी वेळ मात्र येऊ देऊ नका. मग एकदा भरपूर पाणी द्या. साधारण आठ ते बारा दिवसांत पांढरी फुले एकदम उमलतात आणि मोगऱ्यासारखा गंध दोन-तीन दिवस दरवळतो. या काळात उष्णता ३० अंशांवर गेली तर कळ्या नीट न उमलता लहान हिरव्या चांदण्यांसारख्या राहतात आणि त्यांची फळे होत नाहीत. म्हणून बहराच्या वेळी झाड थंड जागी हवे. उमललेल्या फुलांवर पाणी मारू नका.

अरेबिकाला फळासाठी दुसरे झाड लागत नाही, स्वतःच्याच परागांनी ती फळते. १७१४ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमहून फ्रान्सच्या चौदाव्या लुईला कॉफीचे एक झाड भेट गेले आणि पॅरिसच्या राजोद्यानातल्या काचघरात वाढले. एकट्या झाडापासून पुढची रोपे करता येतात ती या गुणामुळेच. उमलण्याच्या सकाळी फांदी हलकेच झटकली तरी परागण होते. रोबस्टा या कॉफीच्या दुसऱ्या जातीचे तसे नाही. तिला वेगळ्या वाणाचे दुसरे झाड जवळ लागते. मोठ्या, सुरकुतलेल्या पानांचे झाड दरवर्षी फुलूनही फळत नसेल तर ते रोबस्टा असण्याची शक्यता जास्त.

फूल गळाल्यावर दीड-दोन महिने फळ टाचणीच्या डोक्याएवढेच राहते. फसले असे समजून पाणी-खत सोडू नका. त्यानंतर ते भराभर वाढते आणि फुलापासून सात ते नऊ महिन्यांत लाल, काही वाणांत पिवळे होते. पहिल्या बहरात ३०-४० फळे ठेवून बाकीची हिरवी असतानाच काढा. कॉफीला आपल्या कुवतीचा अंदाज नसतो. धरलेले फळ ती सहसा टाकत नाही, पानांतले अन्न फळांना देत जाते, पाने गळतात आणि फांद्या टोकाकडून वाळत येतात. त्या फांद्या परत येणाऱ्या नाहीत हे पुन्हा सांगतो. एका हावरट हंगामात झाड कायमचे अर्धे होऊ शकते.

कपाचा हिशेब आधीच करून ठेवा. एका कपाला १५ ग्रॅम भाजलेली पूड धरली तर सुमारे १८ ग्रॅम हिरवे दाणे लागतात आणि त्यासाठी साधारण १०० ग्रॅम, म्हणजे ६० ते ७० फळे. कुंडीतले चांगले झाड वर्षाला पाऊण किलो फळे देऊ शकते, त्यात सात-आठ कप होतात. एकाच फांदीवरची फळे एकदम पिकत नाहीत, फक्त पूर्ण लाल झालेली वेचा. हिरवे फळ तोडल्यावर पिकत नाही आणि कपाची चव बिघडवते.

वेचलेली फळे त्याच दिवशी पिळून दाणे काढा. पाण्यात २४ ते ३६ तास ठेवा, मध्ये एकदा पाणी बदला. मुठीत चोळल्यावर बुळबुळीत न लागता खरखरीत लागले की धुऊन चाळणीवर पातळ पसरा. आठ ते बारा दिवस, दिवसातून तीन-चार वेळा हलवत, रात्री झाकून सुकवा. सलग दोन दिवस वजन उतरले नाही आणि दाताखाली दाणा दबत नसेल तर झाले. टरफल लाकडी बत्त्याने हलक्या हाताने फोडून पाखडा. जाड बुडाच्या कढईत ६०-७० ग्रॅम दाणे मध्यम आचेवर सतत हलवत दहा-बारा मिनिटे भाजा. २०० अंशांच्या आसपास पहिला तडतडाट होतो. तो थांबल्यावर मिनिटभराने उतरवले तर मध्यम भाजणी मिळते. लगेच चाळणीत वारा घालून थंड करा आणि एक-दोन दिवस थांबून दळा.

घरात कुत्री-मांजरे असतील तर दाणे आणि पाने त्यांच्या तोंडी लागणार नाहीत असे पाहा. कॅफीन त्यांना घातक असते.

सात-आठ वर्षांनी खालचा भाग उघडा पडला, फुले फक्त टोकाला येऊ लागली, तर झाड टाकून देऊ नका. फळे उतरल्यावर, वाढीचा हंगाम सुरू होताना, खोड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर तिरपे कापा आणि पाणी निम्म्यावर आणा, कारण पाने नसलेली मुळे जुन्या प्रमाणातल्या पाण्यात कुजतात. दोन-तीन महिन्यांत बुंध्यावर अनेक उभे फुटवे येतील. खालच्या बाजूचा, सरळ आणि जाड असा एक ठेवा, मोठ्या कुंडीत फार तर दोन, बाकीचे काढा. या नव्या खोडाच्या प्रत्येक पेरात आडव्या फांदीचा डोळा ताजा असतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ते फुलावर येते.